उडालेल्या लाल रंगाची गोष्ट

जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा वर्गाच्या खिडकीजवळचा सूचनाफलक एकदा नीट पाहा. गेल्या वर्षी त्यावर डकवलेला लाल घोटीव कागद आता फिकट गुलाबी, काही ठिकाणी तर पिवळट झालेला असतो. त्यावरची एखादी जुनी सूचना काढली, की तिच्याखाली मात्र पहिल्या दिवसासारखा लालभडक चौकोन दिसतो. सूचना कसली होती हे आता कोणालाच आठवत नाही. तिचा आकार मात्र कागदाने जपून ठेवलेला असतो.

शिक्षकांना हे दृश्य नवे नाही. पण या लाल चौकोनाचे एक भावंड जगातल्या अत्यंत महागड्या गिटारींवर सापडते, आणि तेथे त्याला मोठा मान आहे. त्याची गोष्ट या लेखात सांगायची आहे. गोष्ट गिटारीची असली तरी तिच्यातला पेच लाकूड रंगवणाऱ्या प्रत्येक कारागिराचा आहे. लाकडाला रंग तर द्यायचा, पण त्याच्या रेषा झाकायच्या नाहीत, आणि दिलेला रंग टिकलाही पाहिजे. या दोन मागण्या एकत्र नांदतात का?

हळद आणि गेरू

व्यवहारात आपण सगळ्यांनाच ‘रंग’ म्हणतो. रसायनशास्त्रात मात्र दोन जाती मानाव्या लागतात. थोडी हळद स्पिरिटमध्ये टाकून ढवळली, की तिच्यातले रंग देणारे द्रव्य विरघळते आणि पिवळा पण पारदर्शक द्राव मिळतो. अशा विरघळणाऱ्या द्रव्याला रंजक म्हणतात. गेरू पाण्यात कितीही ढवळला तरी विरघळत नाही. पाणी गढूळ होते आणि काही वेळाने गेरू तळाशी बसतो. अशा न विरघळणाऱ्या पुडीला रंगद्रव्य म्हणतात. रंजकाचा एक रेणू साधारण एक नॅनोमीटर आकाराचा असतो. गेरूच्या बारीक कणाचा आकार एक मायक्रोमीटर धरला, तर तो त्याच्या हजारपट मोठा भरतो आणि त्यात अब्जावधी अणू असतात.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची आणि तंतूंची मोळी. रंजकाचे सुटे रेणू द्रावाबरोबर या तंतूंमध्ये शिरतात, त्यामुळे लाकूड रंगते पण त्याच्या रेषा दिसत राहतात. रंगद्रव्याचे कण मात्र बहुतांशी पृष्ठभागावर आणि खाचांमध्ये बसतात. थर जाड झाला की खाली साग आहे की खोक्याची फळी, हे ओळखू येत नाही.

गिटारीच्या दर्शनी फळीसाठी वापरल्या जाणाऱ्या मेपलच्या काही झाडांत तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढतात. अशा फळीवर काही पट्ट्यांत तंतूंची तोंडे वर आलेली असतात, तर शेजारच्या पट्ट्यांत तंतू आडवे पडलेले असतात. उघडी तोंडे रंजक जास्त पितात आणि गडद होतात. आडवे तंतू कमी पितात आणि फिके राहतात. परिणामी साध्या पांढुरक्या फळीवर वाघाच्या अंगासारखे पट्टे उमटतात.

हाताने गिटार घडवणारे कारागीर याचा पुरेपूर उपयोग करून घेतात. ते प्रथम फळी नुसत्या पाण्याने ओली करतात. त्यामुळे लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. फळी सुकली की ते पॉलिशपेपरने घासून काढतात. हे आधीच केले नाही, तर पाण्यात कालवलेला रंग लावताना तेच तंतू उठतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. नंतर गडद रंजकाचा एक हात देऊन तो पुन्हा घासतात. आडव्या तंतूंवरचा रंग निघून जातो, तोंडांमध्ये खोल शिरलेला राहतो. त्यावर पिवळा किंवा लाल हात दिला की फळी हलवताना आतून लाट सरकल्यासारखी वाटते. हे काम गेरूसारख्या रंगद्रव्याने होणार नाही. पण हळदीचा डाग पडलेले कापड उन्हात वाळत घातले की डाग नाहीसा होतो, हेही आपण जाणतो. रंजकाचे सौंदर्य आणि त्याचा कमकुवतपणा दोन्ही त्याच्या सुट्या रेणूंतच दडलेले आहेत.

हिरडा, लोखंड आणि लाख

वाद्यांचे लाकूड रंगवण्याची कला कृत्रिम रंजकांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. काळ्या रंगाची युक्ती तर आपल्याकडेही घरोघरी माहीत होती. हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा क्षार मिसळला की काळी शाई होते. हिरड्यातील टॅनिन आणि लोखंडाचे आयन यांचे काळे संयुग बनते, हे त्यामागचे कारण. ज्या लाकडात टॅनिन मुळातच भरपूर असते, त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या खिळ्यांचे पाणी फिरवले तरी ते काळवंडते. आबनूस परवडत नसे तेथे अशाच युक्तीने साधे लाकूड काळे करून ‘आबनूस’ म्हणून वापरत. मध्य अमेरिकेतून युरोपात येणाऱ्या लॉगवुड या लाकडाचा अर्क लोखंडाच्या क्षाराबरोबर असाच गडद काळा रंग देई.

या काळ्या रंगांत एक गोष्ट समान आहे. येथे रंग एकट्या वनस्पतीचा नाही, तर वनस्पतीतला रेणू आणि धातूचा आयन यांच्या जोडीचा आहे. ही जोडी लक्षात ठेवा, कारण शेवटी तीच उपयोगी पडणार आहे.

लाल रंगाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. इटलीतील क्रेमोना गावी सतराव्या-अठराव्या शतकांत अंतोनिओ स्त्रादिवारी याने घडवलेली व्हायोलिने त्यांच्या सोनेरी-तांबूस झळाळीसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या रोगणाविषयी दंतकथा पुष्कळ झाल्या. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातील पाच स्त्रादिवारी व्हायोलिनांवरच्या सूक्ष्म नमुन्यांचा अभ्यास २००९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, तेव्हा एक साधे चित्र पुढे आले. लाकडात प्रथम सुकणारे तेल मुरवलेले होते. त्यावर तेल आणि पाइनची राळ यांचा पातळ थर होता. त्यांतल्या काही व्हायोलिनांच्या वरच्या थरात लाल रंगद्रव्ये सापडली. लोहाची ऑक्साइडे होती, हिंगूळ होता, आणि कोचीनियल किड्याच्या लाल रंजकापासून बनवलेले रंगद्रव्यही होते.

या शेवटच्या नावाशी थोडे थांबू या. रंजकापासून रंगद्रव्य कसे बनले? रंजकाच्या द्रावात तुरटी टाकून तो अल्कधर्मी केला, की ॲल्युमिनियमचे संयुग साक्याच्या रूपात खाली बसते आणि बसताना रंजकाचे रेणू आपल्याशी बांधून घेते. साका गाळून, सुकवून, वाटला की न विरघळणारी लाल पूड मिळते. तिच्यातील ॲल्युमिनियम संयुगाचा अपवर्तनांक तेलाच्या अपवर्तनांकाच्या जवळपास असल्यामुळे ती पूड तेलात मिसळली की जवळजवळ पारदर्शक होते. म्हणजे रेषा दिसतात, आणि सुट्या रंजकापेक्षा रंग टिकतोही जास्त. तो कायमचा मात्र नव्हे, कारण कोचीनियलचा लालही पुरेशा प्रकाशात फिका पडतो.

अशा पुडीला इंग्रजीत ‘लेक’ म्हणतात. तळ्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. हा शब्द संस्कृतातील ‘लाक्षा’ या शब्दाच्या वंशातला, म्हणजे आपल्या लाखेचा. लाखेच्या किड्यापासून पूर्वी लाल रंग काढत आणि राळही घेत. ‘लॅकर’ हा शब्दही त्याच वंशातला. लाखेची राळ स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने लावायची, याला फ्रेंच पॉलिश म्हणतात. स्पॅनिश पद्धतीच्या हातघडणीच्या गिटारींवर ते दीर्घकाळ वापरले गेले आहे, आणि मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांवरही लाखेच्या पॉलिशचा हात फिरत आला आहे.

कोळशाच्या डांबरातून रंग

१८५६ साली ईस्टरच्या सुटीत अठरा वर्षांचा विल्यम पर्किन लंडनमध्ये घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याच्या खटपटीत होता. क्विनीन काही मिळाले नाही. मिळाला तो जांभळा रंग. त्या जांभळ्याच्या पाठोपाठ कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनसारख्या द्रव्यांतून रंजकांची रांगच लागली. १८६३ साली कार्ल मार्टियसने बनवलेले ‘बिस्मार्क ब्राऊन’ हे तपकिरी रंजक पुढे लाकडावरही वापरले गेले.

लाकूडकाम करणाऱ्यांना ही रंजके म्हणजे पर्वणीच वाटली असणार. पुडी पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाकायची, गाळायची आणि फडक्याने लावायची. प्रत्येक वेळी छटा तीच येणार. काढे उकळणे नाही, पुड्या वाटणे नाही. धंद्यात या साऱ्यांना सरसकट ‘ॲनिलिन रंग’ असेच नाव पडले. एक गोष्ट मात्र या सोयीत मागे पडली. तुरटी आणि लोखंड यांची जुनी जोडी येथे आवश्यक उरली नव्हती. रंजकाचा रेणू आता एकटा होता.

कॅलामझूचा सूर्य

अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅलामझू गावी १९०२ साली गिब्सन कंपनी स्थापन झाली. ती मेंडोलिने आणि गिटारी बनवी. १९२२ च्या सुमारास लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली तेथे उत्तम मेंडोलिने आणि गिटारी बनल्या. त्यांच्या रंगाला नाव दिले होते ‘क्रेमोना ब्राऊन’. जुन्या व्हायोलिनांची आठवण करून देणे हा त्यामागचा हेतू उघड आहे. फळीच्या मध्यभागी पिवळा-सोनेरी, कडेकडे जावे तसा तपकिरी आणि अगदी कडेला काळपट, अशी ही रंगसंगती. मावळत्या सूर्यासारखी दिसते म्हणून तिला ‘सनबर्स्ट’ म्हणतात. त्या काळी हे काम हाताने होई. ओल्या फडक्याने रंजक थेट लाकडात चोळायचे आणि दोन रंगांची सीमा बोटांनीच विरघळवायची. एकाची सावली दुसऱ्यासारखी उतरत नसे.

त्याच दशकात मोटारी रंगवण्यासाठी नायट्रोसेल्युलोजचे झटपट सुकणारे लॅकर आणि फवारणीचे पंप आले, आणि वाद्यांच्या कारखान्यांनीही ते उचलले. आता रंजक लाकडात चोळण्याऐवजी लॅकरमध्ये मिसळून फवारता येऊ लागले. काम जलद झाले आणि सीमाही एकसारख्या उतरू लागल्या. मात्र रंग लाकडाच्या तंतूंतून उठून वरच्या पातळ थरात आला.

१९५२ साली गिब्सनने लेस पॉल या वादकाच्या नावाची विजेवर चालणारी गिटार बाजारात आणली. तिच्या दर्शनी फळीवर सोनेरी रंगाचा अपारदर्शक थर असे. १९५८ मध्ये हा थर काढून खालचे मेपल दिसू द्यायचे ठरले. मध्यभागी पिवळा, कडेने चेरीसारखा लाल, अशा ‘चेरी सनबर्स्ट’ रंगात ही गिटार १९६० पर्यंत बनली. तिची एकूण संख्या दीड हजाराच्या आसपास असावी. तेव्हा ती फारशी खपली नाही, आणि पुढे कंपनीने तिचा आकारच बदलला.

मग हळूहळू एक गोष्ट लक्षात येऊ लागली. या गिटारींचा लाल रंग उडत होता. काहींच्या कडा नारिंगी झाल्या, काहींच्या चहासारख्या, काहींच्या मधासारख्या. काहींवर तर लालाचा मागमूसही उरला नाही. कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीने १९५८ मध्येच आपल्या सनबर्स्टमध्ये लाल पट्टा घातला होता. तिच्याही पहिल्या एक-दोन वर्षांतल्या अनेक गिटारींवरचा तो पट्टा असाच नाहीसा झाला. दोन वेगळे कारखाने, वेगळी लाकडे, वेगळे कारागीर, पण परिणाम एकच. म्हणजे दोष कारागिराच्या हातात नव्हता, तर रंजकाच्या रेणूत होता. १९६० मध्ये गिब्सनने लाल रंजक बदलले. नवे लाल टिकले.

येथे आपल्या सूचनाफलकाची आठवण होते. या गिटारींवर नखीचे ओरखडे पडू नयेत म्हणून तारांच्या बाजूला एक पातळ पट्टी बसवलेली असते. ती काढली, की तिच्याखाली १९५९ सालचा लाल जसाच्या तसा दिसतो. त्याच फळीवर, त्याच हाताने, त्याच दिवशी फवारलेल्या रंगाचा एक भाग प्रकाशात राहिला आणि एक अंधारात. विज्ञानाच्या प्रयोगात आपण ज्याला नियंत्रण नमुना म्हणतो, तो येथे कोणीही न ठरवता साठ-पासष्ट वर्षे ठेवला गेला आहे. लॅकर तेच, लाकूड तेच, खोलीतले तापमान आणि हवेतली आर्द्रताही जवळजवळ तीच. मग मुख्य फरक उरतो तो प्रकाशाचा.

प्रकाश काय करतो?

लाल रंजक लाल दिसते, कारण ते पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग शोषून घेते. शोषलेली ऊर्जा बहुधा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. पण लाखो वेळांत एखाद्या वेळी उत्तेजित रेणू ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतो. असा चेतवलेला ऑक्सिजन फार क्रियाशील असतो, आणि तो रंजकाच्याच रेणूवर हल्ला करतो. रेणूतील एकाआड एक असलेल्या द्विबंधांच्या साखळीमुळे रंग असतो. ती साखळी एका जागी तुटली की रेणू उरतो, पण रंग जातो.

अतिनील किरण तर थेट घाव घालू शकतात. प्रकाशाची ऊर्जा प्रति मोल मोजली, तर ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात ती सुमारे १७१ किलोज्यूल, ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशात २९९ आणि ३५० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ३४२ भरते. कार्बन-नायट्रोजन एकेरी बंधाची ऊर्जा सुमारे ३०५ किलोज्यूल असते. खिडकीची काच ३२० नॅनोमीटरखालचा बहुतेक प्रकाश अडवते, पण ३२० ते ४०० मधला बराचसा आत सोडते. दुकानाच्या काचेमागे टांगलेली गिटार म्हणूनच सुरक्षित नसते.

मग पिवळा का टिकला? येथे विद्यार्थी हटकून चुकतात. ‘लाल रंग उडतो, पिवळा टिकतो’ असा नियम नाही. हळदीचा पिवळा काही दिवसांत उडतो आणि गेरूचा लाल शतकानुशतके राहतो. टिकाऊपणा रंगाच्या नावावरून ठरत नाही, तो रेणूच्या घडणीवरून ठरतो. शिवाय या गिटारींवर तीन बदल एकाच वेळी चालू होते. लाल रंजक नाहीसे होत होते, नायट्रोसेल्युलोजचे लॅकर पिवळट होत होते आणि लाकडातील लिग्निन प्रकाशाने गडद होत होते. आज दिसणारी मधाळ छटा या तिघांची मिळून आहे.

जुनी जोडी पुन्हा

रंग किती टिकेल हे आधी कसे कळावे? कापड-उद्योगात यासाठी निळ्या लोकरीची मोजपट्टी वापरतात. तिच्यावर निरनिराळ्या निळ्या रंजकांनी रंगवलेले आठ तुकडे असतात. पहिला सर्वांत लवकर फिका होतो, आणि पुढच्या प्रत्येकाला मागच्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. नव्या रंगाचा नमुना या पट्टीशेजारी प्रकाशात ठेवायचा आणि तो कितव्या तुकड्याबरोबर फिका पडला ते पाहायचे.

आजचे गिटार-कारागीर पारदर्शक रंगासाठी बरेचदा धातुबद्ध रंजके वापरतात. यांत क्रोमियम किंवा कोबाल्टच्या आयनाभोवती रंजकाचे रेणू घट्ट बांधलेले असतात. ती विरघळतात, त्यामुळे लाकडाच्या रेषा दिसतात. आणि धातूशी बांधलेली असल्यामुळे प्रकाशाला अधिक तोंड देतात. हिरड्याबरोबर लोखंड, कोचीनियलबरोबर तुरटी, ही आपण वर पाहिलेली जोडी नव्या रूपात परत आली, एवढाच त्याचा अर्थ. पर्किननंतरच्या घाईत मागे पडलेले शहाणपण रसायनशास्त्रज्ञांना पुन्हा कमवावे लागले. तरीही ‘कधीच उडणार नाही’ असे पारदर्शक रंजक कोणी देऊ शकत नाही. पेच सैल झाला आहे, सुटलेला नाही.

वर्गात करून पाहा

आइस्क्रीमच्या सहा लाकडी काड्या घ्या. दोन काड्यांवर स्पिरिटमध्ये कालवलेली हळद, दोहोंवर लाल शाई आणि दोहोंवर पाण्यात कालवलेला गेरू लावा. सुकल्यावर प्रथम भिंगातून पाहा. कोणत्या काडीच्या रेषा स्पष्ट दिसतात आणि कोणत्या झाकल्या गेल्या, ते विद्यार्थ्यांना लिहू द्या. मग प्रत्येक काडीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा. प्रत्येक रंगाची एक काडी उन्हाच्या खिडकीत आणि दुसरी बंद कपाटात ठेवा. निकाल काय लागेल ते आधी वहीत लिहून घ्या, आणि दर सोमवारी कागद सोडवून नोंद करा. स्पिरिट ज्वालाग्राही आहे, तेव्हा जवळ ज्योत नको.

मुले एक प्रश्न नक्की विचारतील. खिडकीतल्या काडीचा अर्धा भाग झाकलेलाच आहे, मग कपाटातली काडी कशाला? खिडकीत ऊनही असते आणि उष्णताही. झाकलेला भाग तापतो, पण उजेड खात नाही. कपाटातल्या काडीला दोन्ही नाहीत. तिघांची तुलना केली की कोणते काम उजेडाचे आणि कोणते उष्णतेचे, हे वेगळे करता येते. हे उत्तर शिक्षकांनी देऊ नये. मुलांनाच सुचू द्यावे.

शेवटी

ज्या गिटारी १९५९ मध्ये काही शे डॉलरना मिळत, त्यांतल्या चांगल्या आज लाखो डॉलरना विकल्या जातात. १९६० च्या दशकाच्या मध्यावर एरिक क्लॅप्टनसारख्या वादकांनी त्या हाती घेतल्या आणि त्यांचे नशीब पालटले. किंमत अर्थातच केवळ रंगाची नव्हे. आवाज, लाकूड, मोजकी संख्या, वादकांची नावे असे पुष्कळ त्यात आहे. पण रंगाचाही वाटा आहे. कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या या गिटारींतली प्रत्येक आपापल्या खिडकीप्रमाणे वेगळी झाली. आता तर नव्या गिटारी मुद्दाम ‘उडालेल्या’ रंगात बनवून विकल्या जातात.

फवाऱ्याने पुसून टाकलेले हातघडणीचे वेगळेपण प्रकाशाने परत आणले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला दुसरी बाजूही दिसते. ज्या रंगाला चुकीचे रंजक म्हणावे लागले, त्याचे गुणगान आपण आज करतो, कारण तो उडताना सुंदर झाला. एखाद्या पैठणीचा किंवा जुन्या चित्राचा रंग उडतो तेव्हा असे होत नाही, तेथे फक्त नुकसान होते. म्हणूनच संग्रहालये अशा वस्तूंवरचा प्रकाश पन्नास लक्सच्या आसपास ठेवतात. ती मंद खोली पाहून मुले तक्रार करतात, तेव्हा त्यांना सूचनाफलकावरचा लाल चौकोन दाखवावा.